चिंचेची माती

उकंडाच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून तो जन्मला त्या दिवशी आईनं त्याला सुपात घालून घरामागच्या उकिरड्यावर ठेवलं, आणि शेजारच्या प्रयागबाईनं ‘सापडलं’ म्हणून उचलून परत तिच्या पदरात घातलं. टाकून दिलेल्या लेकरावर मरणाची नजर जात नाही म्हणतात. पोर जगलं, आणि उकिरड्यावरचं म्हणून नाव उकंडाच राहिलं.

कारंजा गावच्या माळीपुऱ्यातल्या इतर माळ्यांसारखाच तो वाढला. वांगी, मेथी, झेंडू, विहिरीवरची मोट. पण त्याच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणायचे. दुसऱ्यानं लावलेलं कलम सुकायचं, तेच त्यानं लावलं की आठ दिवसांत डोळा फुगायचा. या गुणावरच एकोणीसशे तीसच्या सुमारास त्याला स्टेशनजवळच्या बंगल्यावर काम लागलं.

बंगला दौलतराव नावाच्या जमीनदाराचा. त्यांनी तो एका जपानी कापूस कंपनीला भाड्यानं दिला होता. दिवाळीपासून होळीपर्यंत बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, आणि त्या कंपनीचा एकटा माणूस सकाळपासून गाड्यांमधून फिरत मुठीमुठीनं कापूस ओढून पाहायचा. त्याचं नाव हिरानो. कारंज्याच्या जिभेवर ते बसलं नाही. लोकांनी त्याला हिरामणसाहेब केलं, आणि त्यालाही ते आवडलं असावं, कारण पुढं पुढं तो स्वतःच ‘मैं हिरामण’ म्हणू लागला. बुटका, चष्मेवाला, पन्नाशीकडे झुकलेला. मुंबईत शिकलेली मोडकी हिंदी बोलायचा. बायकोपोरं समुद्रापलीकडे.

एकदा आषाढात दोघं दमणीतून शेलूच्या बाजाराला चालले होते. वाटेत उजव्या हाताला एक खडकाळ टेकाड लागतं. साहेबानं एकदम गाडी थांबवायला लावली आणि बूट निसरत असताना वर चढला. उकंडा मागं. वर दोन दगडांच्या फटीत एक चिंच होती. उंची उकंडाच्या कमरेएवढी, पण खोड मांडीएवढं जाड, भेगाळलेलं, एका अंगाला झुकलेलं. शेळ्यांनी वर्षानुवर्षं शेंडे खाऊन खाऊन तिला वाढूच दिलं नव्हतं.

खाली एक म्हातारा शेळ्या चारत होता. उकंडानं विचारलं, “बुवा, हे चिंच किती सालाची असन?”

“माह्या आज्यानं पाह्यली तवाही एवढीच होती,” म्हातारा म्हणाला.

उकंडानं ते साहेबाला सांगितलं. साहेब चिखलात गुडघे टेकून बसला आणि त्यानं खोडावरून हात फिरवला. मग म्हणाला, “घर ले जाएँगे. जल्दी नहीं.”

जल्दी नाही म्हणजे किती, हे उकंडाला तेव्हा कळलं नाही. त्या पावसाळ्यात साहेबानं चिंचेच्या एका बाजूनं चर खणून तिकडची मुळं तोडली आणि चर रेतीनं भरून टाकला. पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या बाजूची तोडली. तिसऱ्या पावसाळ्यात खालचं सोटमूळ तोडून झाड उचललं, ओल्या पोत्यात गुंडाळून बैलगाडीनं बंगल्यावर आणलं. एका झाडासाठी तीन पावसाळे. माळीपुऱ्यात लोक हसले. तुळसाबाई, उकंडाची बायको, म्हणाली, “तुमच्या साहेबाले काई काम नाई का जी?”

पहिल्याच वर्षी झाड मरता मरता वाचलं. साहेबानं कुंडीत काळी माती भरली होती. कारंज्यात दुसरी कोणती चांगली माती असणार, असं त्याला वाटलं. उकंडा दोन महिने पाहत राहिला आणि शेवटी न राहवून बोलला, “साहेब, आमची काळी वावरात माय हाय, पण कुंडीत वैरीण. पाणी पेली की चिखल होते, सुकली की गोटा. मुळाचे पाय बांधते ते.” मग त्यानंच बारीक मुरूम चाळून आणला, अडाण नदीची जाड रेती धुऊन घेतली, जुन्या विटांचा चुरा आणि पानांचं कुजलेलं खत घातलं. झाडानं महिन्याभरात पालवी धरली. साहेबानं त्या दिवशी उकंडाला आपल्या हातानं चहा करून पाजला. त्यानंतर मातीचं काम उकंडाकडे आलं, ते कायमचं.

पण कात्री साहेबाच्या हातात राहिली. दर तीन वर्षांनी फाल्गुनात, जुनी पानं गळून नवे डोळे फुगायच्या बेतात, झाड कुंडीतून बाहेर निघायचं. साहेब बांबूच्या अणकुचीदार काडीनं मुळं विंचरायचा, तीनातला एक भाग कापायचा, आणि त्याच कुंडीत नव्या मातीवर झाड बसवायचा. उकंडा सगळा वेळ खोड धरून असायचा. फांद्यांना वळण द्यायला साहेब तांब्याची तार गवताच्या आगीत लाल करून मऊ करायचा, नाहीतर काथ्याच्या दोरीला दगड टांगून फांदी खाली ओढायचा. कोणती फांदी ठेवायची, कोणती काढायची, यासाठी कधी कधी तो आठ आठ दिवस नुसता समोर बसून राहायचा.

पाचव्या वर्षी झाडाला एक चिंच लागली. झाड एवढंसं, आणि चिंच मात्र बाजारातल्यासारखी, वीतभर. उकंडानं तुळसाबाईला मुद्दाम बंगल्यावर नेऊन ती दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली. “माय वं,” ती म्हणाली, “एवढ्याशा पोरीले एवढं लेकरू.” त्या दिवसापासून ती त्या झाडाला हसली नाही. उकंडाच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या, घरात दोघंच. संध्याकाळी तो घरी आला की ती आधी विचारायची, “चिंच कशी हाय?”

साहेबाच्या आज्याच्या घरी म्हणे असंच कुंडीतलं दोनशे वर्षांचं झाड होतं. आज्यानं बापाला दिलं, बापानं थोरल्या भावाला. “यह भी रहेगा,” तो चिंचेकडे बोट करून म्हणायचा. “मेरे बाद. तेरे बाद.”

एकोणीसशे एक्केचाळीसच्या वैशाखात साहेब महिनाभर मुंबईला गेला होता, आणि उकंडाला हिवताप चढला. चार दिवस तो खाटेवरून उठला नाही. पाचव्या दिवशी तुळसाबाईच्या खांद्यावर हात ठेवून तो बंगल्यावर गेला, तेव्हा चिंचेचा शेंडा करपला होता. वरची वीतभर फांदी वाळून काडी झाली होती. खालच्या फांद्या जिवंत होत्या, पण झाडाचं सगळं रूपच गेलं होतं. डोकं उडवलेल्या माणसासारखं ते दिसत होतं.

साहेब परत आला. उकंडा पायरीखाली उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, मले ताप होता.” साहेबानं झाडाकडे पाहिलं, मग त्याच्या पिवळ्या पडलेल्या डोळ्यांकडे. तो रागावला नाही. रागावला असता तर उकंडाला सोपं गेलं असतं.

तीन-चार महिने साहेब झाडासमोर बसत राहिला. मग दसऱ्याच्या सुमारास त्यानं एका मोठ्या कागदावर पेन्सिलीनं चिंच काढली. आजची नव्हे, दहा वर्षांनंतरची. वाळका शेंडा कापून टाकायचा, त्याचा बोटभर बुंधा सोलून तसाच ठेवायचा. खालच्या एका फांदीला उभं करून तिचाच नवा शेंडा करायचा. आणि येत्या फाल्गुनात माती बदलताना झाड तिरपं बसवायचं, म्हणजे झुकलेलं खोड वाऱ्याला रेटून उभं आहे असं वाटेल. या नव्या बैठकीला जुनी खोल कुंडी चालणार नव्हती. साहेबानं जगदेव कुंभाराकडून परातीसारखी पसरट, चार बोटं उंच कुंडी करून घेतली. दोन तडकल्या, तिसरी चांगली भाजून निघाली. बंगल्यावर गडबड नको म्हणून ती उकंडानं आपल्या घरी नेऊन ठेवली.

मार्गशीर्षात जपानशी लढाई सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी सकाळी पोलिसांची मोटार बंगल्यासमोर उभी राहिली.

उकंडा तेव्हा मागच्या ओसरीवर चिंचेला पाणी घालत होता. आत कपाटं उघडल्याचा आवाज आला. मग हवालदार बाहेर आला, त्याच्या हातात कागदांचा गठ्ठा होता, आणि त्यात सगळ्यात वर ते चिंचेचं चित्र. हवालदारानं ते उलटसुलट करून पाहिलं.

“हा कशाचा नकाशा आहे?”

“जी, झाडाचं चित्र हाय ते,” उकंडा म्हणाला. “ह्याच झाडाचं.”

हवालदारानं एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा चित्राकडे. दोन्हींचा मेळ बसेना. चित्र गठ्ठ्यात गेलं.

साहेबाला एक पेटी घ्यायला परवानगी होती. तो ती घेऊन ओसरीवर आला आणि शिपाई शेजारी उभा असताना भराभर बोलला, “उकंडा. फागुन में. पत्ती गिरेगा, तब. जड़ तीन में एक हिस्सा. ज़्यादा नहीं.”

“साहेब, म्या कधी कापलं नाई. म्या फकस्त धरलं.”

“दस साल धरा है. हाथ जानता है.”

“आन वर कोनती फांदी घेऊ? डाव्या अंगाची का मांगची?”

साहेबानं हात वर केला. तेवढ्यात शिपायानं त्याचा दंड धरला, “चला, चला, गाडी सुटेल,” आणि तो हात कोणत्या फांदीकडे जात होता ते उकंडाला दिसलं नाही. मोटार गेली. कुणी म्हणालं दिल्लीकडे नेलं, कुणी म्हणालं त्याहून लांब.

दुपारपर्यंत बंगल्याला सील लागलं. पुढच्या दाराला, मागच्या दाराला, आणि मागच्या ओसरीच्या लोखंडी जाळीच्या दारालाही. चिंच जाळीच्या आत राहिली, आणि उकंडा बाहेर.

पहाऱ्यावर रामकिसन नावाचा चौकीदार बसवला होता. तो शेजारच्याच गावचा, ओळखीचा. उकंडानं त्याला हात जोडले. रामकिसन म्हणाला, “सील मी नाई तोडू शकत, उकंडा. नोकरी जाईन माही. पण तू भाईरून काय करशील ते म्या पाह्यलं नाई.”

उकंडानं एक लांब बांबू उभा चिरला आणि आतल्या गाठी फोडून पन्हाळ केलं. त्याचं एक टोक जाळीतून आत घालून कुंडीच्या काठावर टेकवायचं, आणि बाहेरच्या टोकाला तांब्यानं हळूहळू पाणी सोडायचं. पहिल्या दिवशी निम्मं पाणी फरशीवर गेलं. चार दिवसांत त्याला नेम बसला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पौष गेला, माघ गेला.

पण पाणी घालणं वेगळं आणि झाड हाताशी असणं वेगळं. माघाच्या शेवटी त्याला दिसलं की झाड कुंडीतून बोटभर वर उचललं गेलंय. मुळांना आत जागा उरली नव्हती, ती एकमेकांना रेटून झाडालाच वर ढकलत होती. पाणी घातलं की ते वरच्या वर वाहून काठावरून सांडायचं, आत मुरायचंच नाही. उकंडानं जाळीतून हात घातला. खांद्यापर्यंत गेला. बोटं आणि कुंडी यांच्यात हातभर अंतर राहिलं.

फाल्गुन लागला आणि पानं गळायला लागली. तो रोज जाळीला कपाळ लावून उभा राहायचा. फांद्यांवरचे डोळे फुगले होते. गुलाबी टोकं दिसत होती. हीच वेळ. हे आठ-दहा दिवस.

एका सकाळी तो धुतलेलं धोतर नेसून तालुक्याच्या कचेरीत गेला. तीन तास बाहेर बसल्यावर एका कारकुनानं त्याला आत बोलावलं.

“काय पाहिजे?”

“जपानी साहेबाच्या बंगल्यातलं एक झाड हाय जी, कुंडीतलं. त्याची माती बदलाची हाय. अर्ध्या दिवसाचं काम हाय. शिपाई संग द्या पाहिजे तं.”

“कसलं झाड?”

“चिंचेचं.”

कारकुनानं शेजारच्या कारकुनाकडे पाहिलं. “चिंचेची झाडं काय कमी आहेत का रे तुमच्या कारंज्यात?”

“हे बारकं हाय जी. शंभर सालाचं असन, जास्तही असन. आता नाई केलं तं मरते.”

“ती शत्रूची मालमत्ता आहे. वरून हुकूम आल्याशिवाय काडी हलत नाही. अर्ज करून जा.”

उकंडाला लिहिता येत नव्हतं. बाहेर बसलेल्या अर्जनविसानं अर्ज लिहिला, त्यानं अंगठा केला. उत्तर यायला किती दिवस लागतील असं विचारल्यावर कारकून म्हणाला, “साहेबांचा दौरा आहे. पाहू.” उकंडा परत आला. पुढच्या दोन आठवड्यांत तो आणखी दोनदा गेला. दुसऱ्या वेळी कारकून बदलला होता आणि अर्ज सापडत नव्हता.

फाल्गुन संपला. डोळे फुटले, पण पानं बोटभर येण्याऐवजी नखाएवढी आली आणि तिथंच थांबली. चैत्रात रामकिसनची बदली झाली. त्याच्या जागी आलेला चौकीदार परका होता. त्यानं पहिल्याच दिवशी बांबूचं पन्हाळ पाहिलं आणि गुडघ्यावर घेऊन मोडलं.

“त्याले पाणी पाहिजे जी,” उकंडा म्हणाला.

“इथं पुन्हा दिसलास तर ठाण्यात नेईन.”

तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. चौकीदारानं त्याला खरंच ठाण्यात नेलं. दुपारभर बसवून ठेवलं आणि सोडून दिलं. घरी आल्यावर तुळसाबाई म्हणाली, “आता नोका जाऊ. तुमाले बंद केलं तं मी कोणाकडं जाऊ?” त्यानंतर उकंडा गेला नाही. त्या चैत्रात ऊन असं होतं की दुपारी मोटेचे बैलही सावली सोडत नव्हते. तो आपल्या वांग्यांना पाणी देत राहिला. तुळसाबाईनं पाहिलं, तो एकाच वाफ्यावर दोन दोनदा पाणी सोडत होता.

वैशाखात, झाडाचं पाणी तुटल्यावर अकरा दिवसांनी, दौलतरावांनी खटपट करून आपला बंगला सोडवून घेतला. कंपनीचं सामान सरकारी गाड्यांत भरून गेलं. झाडाकडे कोणी पाहिलंच नाही. दौलतरावांनी उकंडाला निरोप धाडला, बाग साफ करायला ये. तो धावतच गेला, थेट मागच्या ओसरीवर.

पानं सगळी गळून फरशीवर पडली होती. त्यानं अंगठ्याच्या नखानं खालच्या फांदीची साल खरवडली. आत हिरवं होतं.

दौलतराव मागं येऊन उभे राहिले. “हे काय बाप्पा, वाळकं खोड कायले ठेवलं कुंडीत?”

“मालक, जिवंत हाय. मले देता का?”

“ने ना. कचराच हाय. पण जपान्याचं हाय म्हणून कोणापाशी बोलू नोको. दिवस बरे नाईत.” मग त्याचा चेहरा पाहून म्हणाले, “गडी देऊ का उचलाले?”

“नाई जी. मीच नेतो.”

त्यानं चिंच डोक्यावर घेतली आणि भर उन्हात माळीपुऱ्यात आणली. वाटेत तुळसाबाई येऊन मिळाली आणि सावलीसाठी शेजारून आपला पदर कुंडीवर धरून चालू लागली.

पडवीत झाड उतरवल्यावर खरी अडचण पुढं आली. वेळ टळली होती. या उन्हात, पान नसलेल्या झाडाची मुळं कापणं म्हणजे उपाशी माणसाच्या अंगातून रक्त काढणं. मृगापर्यंत थांबावं, हवा गार झाल्यावर हात घालावा, असं त्याचं एक मन सांगत होतं. पण कुंडी घंगाळातल्या पाण्यात ठेवली तरी वरची माती कोरडीच राहत होती. पाणी आत जात नव्हतं. मृगाला अजून पंचवीस दिवस होते. तेवढे दिवस ते झाड काढणार नाही, असं दुसरं मन सांगत होतं. विचारायचं कुणाला? माळीपुऱ्यात शंभर माळी होते, पण हे काम केलेला एकही नव्हता. ज्यानं केलं होतं तो कुठं होता, हेही माहीत नव्हतं.

दोन दिवस तो साहेबासारखा झाडासमोर बसला. फरक एवढाच की साहेबाला बसल्यावर काहीतरी दिसायचं. उकंडाला काहीच दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे, ऊन चढायच्या आत, तो म्हणाला, “तुळसा, खोड धर.”

तिनं खोड धरलं. त्यानं कुंडीच्या कडेनं सुरी फिरवली, पण झाड निघेना. शेवटी त्यानं कुंडीच फोडली. आतून मुळांचा गोळा निघाला, कुंडीच्या आकाराचाच, दोरखंडाच्या वेटोळ्यांसारखा. त्यानं बांबूच्या काडीनं विंचरायला सुरुवात केली. वरची मुळं कोरडी, ठिसूळ. काडी लागली की मोडायची. मधे गेल्यावर वास आला. जिथं सोटमूळ तोडलं होतं तिथं काळं पडलं होतं, हाताला बुळबुळीत लागत होतं. वर कोरड पडून मेलेलं, खाली कुजून मेलेलं, आणि मधे कुठं कुठं पांढऱ्या टोकाची चार मुळं.

“तीन में एक हिस्सा,” साहेब म्हणाला होता. इथं तर तीनातले दोन आधीच मेले होते.

“काय झालं?” तुळसाबाईनं विचारलं.

“काई नाई. धरून राय.”

त्यानं मेलेलं सगळं कापलं. दहा वर्षं पाहिलेली प्रत्येक हालचाल हाताला येत होती. साहेब म्हणाला होता ते खरंच होतं, हाताला माहीत होतं. फक्त वाचवण्यासारखं फार काही हातात उरलं नव्हतं. कापलेल्या जागी त्यानं चुलीतली राख लावली. जगदेव कुंभाराच्या पसरट कुंडीत भोकांवर खापऱ्या ठेवल्या, मुरूम-रेतीचा थर दिला, झाड तिरपं बसवलं, आणि सुतळीनं कुंडीला बांधलं. मग बारीक करवतीनं वाळका शेंडा कापला. बोटभर ठेवून सोलला.

आणि फांदी? डावी की मागची? तो कात्री घेऊन उभा राहिला. शेवटी त्यानं मागची उभी केली, कारण तिची साल जास्त हिरवी होती. काथ्यानं बांधली. सूर्य उगवेपर्यंत काम झालं होतं. तिरप्या खोडावर उभी फांदी. चित्रातल्यासारखं दिसत होतं, किंवा त्याला तसं वाटलं.

पडवीत ओलं पोतं टांगून त्यानं झाडाला गारवा केला. तुळसाबाई दर तासाला पोत्यावर पाणी शिंपडायची. एकोणिसाव्या दिवशी त्याच मागच्या फांदीवर तांबूस ठिपका दिसला. मग दुसरा. पाच दिवसांत सात पानं आली. उकंडानं ती रोज मोजली. तुळसाबाईनं बाजारातून गूळ आणला.

मृग लागला, पण पाऊस आला नाही. तापलेला वारा पडवीत घुसत होता. सात पानं मिटू लागली. चिंचेची पानं संध्याकाळी मिटतातच, पण ही सकाळी उघडेनात. उकंडानं पाणी वाढवलं. दोन दिवसांनी वाटलं, जास्त झालं, म्हणून कमी केलं. जागा बदलून पाहिली. ताक घालून पाहिलं. कशानंही काही झालं नाही.

मग तो रोज सकाळी नखानं साल खरवडू लागला. आधी फांदीच्या टोकाशी, तिथं तपकिरी लागलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या खाली. मग फांदीच्या मधे. मग फांदीच्या बुडाशी. हिरवं रोज बोटभर खाली सरकत होतं आणि त्याचं नख त्याच्या मागं जात होतं. आषाढ लागला तेव्हा पावसाची झड बसली, माळीपुऱ्यातलं सगळं हिरवं झालं. त्याच आठवड्यात त्यानं खोडाला, अगदी मातीजवळ, खरवडलं. आत लाकूड होतं, वाळलेलं.

तुळसाबाईनं भाकरी आणून ठेवली. त्यानं खाल्ली नाही.

झाड तसंच पडवीत राहिलं. श्रावणात जळण भिजलं, चूल पेटेना, घर धुरानं भरलं. तुळसाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “घे.” तिनं चिंचेचं खोड कुऱ्हाडीनं फोडलं. लाकूड चिवट होतं, वेळ लागला.

भाद्रपदात एक कार्ड आलं. त्यावर तपासणीचे दोन-तीन शिक्के होते. पोस्टमास्तर बाहेरगावचे, शिकलेले. त्यांनी उकंडाला बोलावून घेतलं आणि दार लोटून हळू आवाजात वाचलं. इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहिलं होतं. मी बरा आहे. इथं ऊन फार. झाडाची माती बदलली का? खाली हिरानो नव्हतं. हिरामण होतं.

“उत्तर द्यायलाच पाहिजे असं काही नाही,” पोस्टमास्तर म्हणाले. “गावात चळवळीची धरपकड चालू आहे. धरलेल्या जपान्यांच्या छावणीत पत्र धाडलंस तर उगाच तुझ्यावर डोळा राहील.”

“द्याच लागते जी.”

“बरं. काय लिहू? ठीक आहे, झाड चांगलं आहे, असं लिहू का? त्या माणसाला तेवढंच बरं वाटेल.”

तुळसाबाईनंही घरून निघताना हेच सांगितलं होतं. “खोटं सांगलं तं काय जाते? थो काय पाह्याले येऊन राह्यला?”

उकंडा म्हणाला, “झाड मेलं, असं लिवा.”

पोस्टमास्तरांनी लिहिलं. “आणखी?”

आणि मग उकंडा बोलायला लागला तो थांबेना. बंगला कधी बंद झाला, फाल्गुनात हात का लावता आला नाही, अकरा दिवस पाणी कसं मिळालं नाही. मुळं कुठं कोरडी होती, कुठं कुजली होती, पांढरी किती होती. वैशाखात कापलं. राख लावली. मागची फांदी वर घेतली. पानं सात आली. पोस्टमास्तरांनी कार्डाच्या कडेनं, बारीक अक्षरांत, मावेल तेवढं लिहिलं.

“जागा संपली, उकंडा. शेवटचं सांग.”

“मृगापर्यंत थांबाले पाहिजे होतं का, का फांदी चुकली, का आनखीन काई. माहं काय चुकलं ते कळवा, म्हना.”

कार्ड गेलं. दसरा झाला, दिवाळी झाली. उकंडा दर बाजाराच्या दिवशी पोस्टात जायचा. पोस्टमास्तर त्याला दारातच पाहून मान हलवायचे. कार्ड पोचलं की वाटेत कुणी अडवलं, साहेब दुसरीकडे गेला की त्याला उत्तर लिहायचंच नव्हतं, हे कळायला काही मार्ग नव्हता. दोन वर्षांनी पोस्टमास्तरांची बदली झाली. लढाई संपल्यावर स्टेशनवर कुणीतरी सांगितलं, धरलेल्या जपान्यांना बोटीत बसवून त्यांच्या देशी धाडलं. सगळ्यांना का, असं उकंडानं विचारलं. सांगणाऱ्याला माहीत नव्हतं.

दौलतरावांनी त्याला बंगल्यावर पुन्हा कामाला ठेवलं. मागच्या आवारात त्यांना भाजीपाला हवा होता. उकंडानं तिथं वाफे पाडले, आणि पहिल्या वर्षी कोबी लावली. चांगली आली.